सातबाऱ्यावरचा 'आर' आणि पुदुच्चेरीची पिवळी भिंत

वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "अभ्यासदौऱ्यात पुदुच्चेरी पाहिलं. आता 'विचार, वास्तुकला आणि लोकधोरण यांवरचा फ्रेंच प्रभाव' या विषयावर टिपण लिहायचं आहे. पिवळ्या भिंती, बोगनवेल आणि रस्त्यांची फ्रेंच नावं यांपलीकडे मला फारसं काही दिसलं नाही. महाराष्ट्रात तर फ्रेंचांचं राज्यच नव्हतं. मग आपल्याकडे शोधायचं काय? आणि या क्षेत्रात काम करायचं तर फ्रेंच शिकावंच लागेल का?"

जुन्या इमारतींच्या जतन-दुरुस्तीचं काम मी तीसेक वर्षं करतो आहे. बरंचसं पुण्यात, कोकणात आणि गोव्यात, मधली काही वर्षं पुदुच्चेरीत. त्या अनुभवावरून सांगतो. तुमचा "आपल्याकडे शोधायचं काय" हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

घरी शेती असेल तर सातबारा काढून बघा. क्षेत्राच्या रकान्यात '०.४०.००' असं काहीतरी असेल आणि वर लिहिलेलं असेल हे. आर. चौ.मी. यातला 'आर' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. तो फ्रेंच राज्यक्रांतीतून आला. ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने फ्रान्सने मीटर, लिटर, ग्रॅम ही मापं ठरवली, त्यातच जमिनीसाठी दहा मीटर बाय दहा मीटरचा चौरस धरला आणि त्याला 'आर' म्हटलं. शंभर आर म्हणजे हेक्टर. पॅरिसच्या सभागृहात ठरलेला हा शब्द आज आपल्या प्रत्येक तलाठी कार्यालयात रोज लिहिला जातो. पुदुच्चेरीच्या कुठल्याही कमानीपेक्षा हा प्रभाव जास्त खोल गेलेला आहे, असं माझं ठाम मत आहे.

त्याचा अनुभव मला गुंठेवारीच्या एका प्लॉटवर आला. मालक म्हणाले, "एक गुंठा आहे, तेहतीस बाय तेहतीस." त्यांच्या वडिलांनी तसंच सांगितलं होतं, आणि गुंठा तेहतीस फुटांचाच असतो, त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण कागदावर क्षेत्र होतं एक आर. दहा मीटर म्हणजे बत्तीस फूट आणि पावणेदहा इंच. कुंपणाचा कोपऱ्यातला खांब सव्वादोन इंच शेजाऱ्याच्या हद्दीत गेला होता. शेजारी चांगला माणूस होता म्हणून निभावलं. हाच फरक एकरभर जमिनीत किती होतो? चाळीस गुंठे म्हणजे ४०४६.८६ चौरस मीटर, चाळीस आर म्हणजे ४००० चौरस मीटर. सुमारे पाचशे चौरस फूट, म्हणजे दोन खोल्यांचं घर. भावाभावांच्या वाटणीत 'चाळीस गुंठे' आणि 'चाळीस आर' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात तेव्हा कागदावर हे घर गायब होत असतं.

मुळात ही नवी मापं का आणली गेली, हे समजून घ्या, कारण तुमच्या टिपणाचा कणा तिथे आहे. क्रांतीपूर्व फ्रान्समध्ये गावागणिक माप वेगळं होतं. कापडाचं वेगळं, दारूचं वेगळं, धान्याचं वेगळं. जहागीरदार खंड घेताना एक माप वापरी, देताना दुसरं. १७८९ साली लोकांनी राजाकडे ज्या तक्रारी लिहून पाठवल्या त्यांत 'सगळीकडे एकच माप असावं' ही मागणी पुन्हा पुन्हा आलेली आहे. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्याकडेही पायली प्रत्येक पेठेत वेगळी होती, शेर वेगळा होता, आणि सावकाराचं माप घेताना शिगोशिग भरत असे. मापाची सक्ती म्हणजे गरिबाचं संरक्षण, ही भावना मीटरच्या मुळाशी आहे.

मग हे माप कुठल्या राजाचं असू नये, कुणाच्या हाताचं किंवा पावलाचं असू नये, म्हणून त्यांनी ते पृथ्वीवरून घ्यायचं ठरवलं. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. देलाम्ब्र आणि मेशँ या दोघा खगोलशास्त्रज्ञांनी १७९२ पासून पुढची सहा-सात वर्षं डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत त्रिकोण टाकत मोजणी केली, तीही राज्यक्रांतीच्या धामधुमीत, जागोजागी अडवणूक सोसत. मीटर खऱ्या हिशोबापेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटर आखूड निघाला. एवढीच चूक! दुर्बिणी, डोंगरमाथे आणि चर्चचे मनोरे एवढ्या साधनांवर हे काम झालं, हे वाचताना मला अजूनही भरून येतं.

आणि एवढं करून फ्रेंच लोकांनी ते लगेच स्वीकारलं का? नाही. १८१२ मध्ये नेपोलियनला जुन्या नावांची मापं पुन्हा चालू द्यावी लागली. सक्ती झाली ती १८४० पासून. १८७५ मध्ये सतरा देशांनी मीटरचा करार केला. भारत त्यात १९५७ मध्ये आला. त्याच वर्षी १ एप्रिलला रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे आले, आणि १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानुसार ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-मीटर-लिटर लागू झाले. पॅरिसजवळ जपलेल्या मूळ किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. स्वतंत्र भारताने इंग्रजांची मापं सोडली आणि फ्रेंचांची घेतली. यात फ्रेंचांचा दबाव नव्हता, फ्रेंच सत्ता नव्हती. कल्पना चांगली होती म्हणून घेतली. 'प्रभाव' हा शब्द लिहिताना हा फरक मनात असू द्या.

बांधकामावर मात्र आजही दोन भाषा चालतात. माझा नकाशा मिलिमीटरमध्ये असतो आणि गवंडी त्याचं मनातल्या मनात फूट, इंच आणि सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, भाषांतर करतो. "साहेब, दोन सूत कमी पडतंय." वाळू ब्रासमध्ये येते, फरशी चौरस फुटात लावली जाते, सळई मिलिमीटरमध्ये आणि किलोवर. मी सुरुवातीला चिडायचो. आता मी नकाशावर दोन्ही मापं लिहितो. दोनशे वर्षांपूर्वी फ्रेंच सुतारही हेच करत होता, हे कळल्यावर राग गेला.

आता पुदुच्चेरीकडे येऊ. तिथली सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची आखणी बघून सगळे म्हणतात, "काय फ्रेंच शिस्त!" ती आखणी डचांची आहे. १६९३ ते १६९९ या काळात शहर डचांच्या ताब्यात होतं, तेव्हा त्यांनी ही जाळी आखली. फ्रेंच परत आले तेव्हा त्यांनी ती मोडली नाही, पुढे नेली. १७६१ मध्ये इंग्रजांनी शहर जिंकून जमीनदोस्त केलं. म्हणजे आज तुम्ही पाहिलेलं बहुतेक सगळं १७६५ नंतर पुन्हा उभारलेलं आहे, जुन्याच जाळीवर. इमारती पडल्या, रस्त्याची रेषा टिकली. कुठल्याही शहरात सगळ्यात चिवट गोष्ट रस्त्याची रेषा असते. तुमच्या टिपणात हे एक वाक्य नक्की असावं.

पिवळ्या भिंतीबद्दल. एका घराच्या दर्शनी भिंतीवर आम्ही तळहाताएवढा चौकोन धारदार पात्याने हळूहळू खरवडला. सगळ्यात वर प्लॅस्टिकचा रंग, खाली डिस्टेंपरचे दोन थर, त्याखाली पिवडी घातलेली चुन्याची सफेदी, आणि सगळ्यात आत नुसता पांढरा चुना. पिवळ्याच्या आत पांढरं. त्या भिंतीला प्लॅस्टिकच्या रंगाने श्वास कोंडला होता, समुद्राचा खार आतल्या आत साचून गिलावा फुगला होता. पर्यटकाला हवा तो पिवळा रंग ताजा दिसावा म्हणून जो थर चढवला, त्यानेच भिंत खाल्ली. मी तिथे शिकलो तो धडा कोकणातल्या चिऱ्याच्या घरांना तसाच्या तसा लागू पडला: चुन्याच्या भिंतीला चुनाच द्यायचा.

तुम्ही बहुधा समुद्राकडच्या भागातच हिंडला असाल, सगळे दौरे तिथेच नेतात. कालव्याच्या पलीकडे, तमिळ वस्तीत जायला हवं होतं. तिथे मला जगात इतरत्र न पाहिलेली गोष्ट दिसली. घराचा खालचा मजला अस्सल तमिळ: रस्त्यालगत तिन्नै, म्हणजे आपला ओटा, लाकडी खांबांवरचं उतरतं कौलारू छप्पर, आत चौक. वरचा मजला फ्रेंच वळणाचा: कमानदार खिडक्या, भिंतीत उठवलेले अर्धस्तंभ, कठड्याची सज्जेदार गच्ची. ही घरं फ्रेंच अधिकाऱ्यांनी बांधली नाहीत, तमिळ व्यापाऱ्यांनी आपल्या पैशाने, आपल्या गवंड्यांकडून बांधून घेतली. पाहुणा बसतो, भाजीवाली टेकते, म्हातारे गप्पा मारतात तो ओटा त्यांनी सोडला नाही. ज्यातून समाजातलं स्थान दिसतं तो वरचा मजला बदलला. खाली जगणं, वर मान. कुणाचा प्रभाव किती घ्यायचा हे घराच्या मालकाने ठरवलं होतं, आणि ते ठरवणं भिंतीत वाचता येतं.

गच्चीसुद्धा बघण्यासारखी असते. सागवानी कड्यांवर लहान, पातळ विटा उभ्या कडेवर, तिरक्या रांगांत, चुन्यात बसवतात. त्याला मद्रास टेरेस म्हणतात. मी पहिल्यांदा ते काम करताना पाहिलं तेव्हा वयस्कर गवंडी कडीच्या एका टोकापासून सुरुवात करून, खाली काहीही आधार न देता, विटेला वीट नुसती चिकटवत पुढे जात होता. चुना इतका चिवट की वीट हाताखाली धरून ठेवायला काही क्षण पुरत. हे फ्रेंच नाही, पण या गच्चीशिवाय त्या फ्रेंच मजल्याला डोक्यावर छप्पर मिळालं नसतं. व्हिसियाल स्ट्रीटवरची अशी घरं युरोपीय संघाच्या मदतीने, घरमालकांना सोबत घेऊन दुरुस्त झाली, तो रस्ता पुढच्या वेळी चुकवू नका. २९ नोव्हेंबर २०१४ च्या पावसात एकोणिसाव्या शतकातली मेअरीची, म्हणजे जुन्या नगरपालिकेची, इमारत कोसळली. ती पुन्हा बांधून २०२१ मध्ये खुली झाली. नव्याने बांधलेली इमारत सुंदर आहे. पण वेळेवर दुरुस्ती झाली असती तर जुनीच उभी असती, आणि हे दुःख आमच्या धंद्यातल्या माणसाला लवकर सोडत नाही.

खुद्द पॅरिसचं एवढं नाव का, तेही थोडं सांगतो, कारण त्याचा चुकीचा अर्थ लावला जातो. लोक ओस्मानच्या रुंद रस्त्यांबद्दल बोलतात. ओस्मान १८५३ ते १८७० पॅरिसचा प्रीफेक्ट, म्हणजे प्रशासकीय प्रमुख होता. पण पॅरिसला पॅरिस बनवलं ते रस्त्याच्या रुंदीशी इमारतीची उंची बांधणाऱ्या नियमाने, आणि तो नियम ओस्मानच्या आधीचा आहे. १७८४ मध्येच रुंद रस्त्यावरच्या कॉर्निसची, म्हणजे दर्शनी भिंतीच्या माथ्यावर पुढे आलेल्या आडव्या पट्टीची, उंची ५४ फ्रेंच फूट, म्हणजे साडेसतरा मीटर, ठरली होती. १८५९ मध्ये वीस मीटर रुंद रस्त्यावर वीस मीटर झाली, वर पंचेचाळीस अंशांत मागे झुकणारं छप्पर. त्यामुळे वास्तुविशारद कुणीही असो, कॉर्निसची रेषा एक. २६ मार्च १८५२ च्या हुकमात तर असं कलम आहे की घराचा दर्शनी भाग दर दहा वर्षांनी किमान एकदा साफ करावा किंवा रंगवावा, नाहीतर दंड. शहर सुंदर ठेवायला त्यांनी नवं काही बांधण्याइतकंच महत्त्व जुनं पुसून घेण्याला दिलं. हे कलम मी दरवर्षी विद्यार्थ्यांना वाचून दाखवतो. जमिनीखालचं काम बेलग्रां या अभियंत्याचं: माणूस चालत जाईल एवढाली गटारं, पाण्याच्या नळ्यांसह.

याची किंमत भाडेकरूंनी मोजली. जुन्या गल्ल्या पाडल्या, मालकांना भरपाई मिळाली, भाड्याने राहणारे मजूर शहराच्या कडेला बेलव्हीलसारख्या वस्त्यांत लोटले गेले. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याचा प्रत्यक्ष नमुना ग्लासगोसारख्या ब्रिटिश शहरांचा होता, पण दाट वस्तीतून सरळ रस्ता काढून हवा खेळवायची ही कल्पना त्या काळी सगळं जग पॅरिसच्या नावाने ओळखत होतं. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे त्यातून आले, आणि चाळीतल्या माणसाचं काय करायचं हा प्रश्नही पॅरिससारखाच मागे उरला. पुण्याच्या पेठांत रस्तारुंदीच्या रेषेने वाड्याची ओसरी कापलेली मी स्वतः पाहिली आहे. एका वाड्यात दिंडी दरवाजा राहिला, पण त्याच्यामागची देवडी दीड मीटर गेली. आजी त्या अर्ध्या देवडीत बसून शेंगा सोलत होत्या. अशी रेषा आखताना तिच्या पलीकडे कोण बसलेलं आहे हे नकाशावर दिसत नाही. म्हणून मी कुठल्याही रुंदीकरणाच्या कामाआधी त्या रस्त्यावर सकाळी, दुपारी आणि रात्री असा तीनदा पायी जातो, तुम्हीही जा.

मुंबईचंच आणखी एक. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची रांग आणि मरीन ड्राइव्ह ज्या शैलीत आहे, तिचं 'आर्ट डेको' हे नाव १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनावरून पडलं. २०१८ मध्ये ही रांग समोरच्या गॉथिक इमारतींसह जागतिक वारशात गेली. सज्जे, लाटेसारखे कठडे, जहाजाच्या खिडक्या यांचे फोटो तुमच्याकडे असतीलच. मी तुम्हाला त्या इमारतींच्या माथ्यांची रेषा बघायला सांगेन. ती एका पातळीत आहे, कारण भूखंड देतानाच उंचीचे नियम होते. आणि ही सगळी घरं ज्यात उभी आहेत तो सळईचा काँक्रीट, त्याचं तंत्र मोनिए आणि एनबिक या फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडवलं. एनबिकचं पेटंट १८९२ चं.

चंदीगडवर तुम्हाला ढीगभर मजकूर मिळेल, म्हणून मी दोनच गोष्टी सांगतो. त्या शहराची आखणी करणारा वास्तुविशारद ल कॉर्बुझिए जन्माने स्विस, १९३० पासून फ्रेंच नागरिक. त्याने ८०० बाय १२०० मीटरचे सेक्टर पाडले आणि खिडक्यांपुढे काँक्रीटच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांचं ऊन अडवणारं जाळं लावलं. उन्हाची तिरीप मोजून भिंतीची खोली ठरवायची, ही सवय त्याने आपल्या पिढ्यांना लावली आणि ती मोलाची आहे. पण तोच जाड काँक्रीट दिवसभर तापतो आणि संध्याकाळी आत उष्णता सोडतो. विदर्भात तशा पट्ट्या लावायला निघालेल्या मुलांना मी थांबवतो. तिथे भिंतीपासून सुटी, हलकी जाळी किंवा साधी वाळ्याची ताटी जास्त काम करते. दुसरी गोष्ट: बाळकृष्ण दोशी पुण्याचे, १९२७ चा जन्म, आजोबांचा फर्निचरचा कारखाना, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. १९५१ च्या सुमारास ते पॅरिसला कॉर्बुझिएकडे गेले, तिथे काही वर्षं काम केलं आणि मग त्याची अहमदाबादची कामं बघायला भारतात परतले. पुढे इंदूरला त्यांनी गरिबांसाठी अरण्य वसाहत केली, जिथे जोतं, संडास आणि नळ द्यायचा आणि घर माणसाने आपल्या ऐपतीने वाढवायचं. गुरूने वरून आखलेल्या शहराला शिष्याने दिलेलं हे उत्तर मला चंदीगडपेक्षा मोठं वाटतं. २०१८ मध्ये त्यांना वास्तुकलेतलं सगळ्यात मानाचं प्रित्झकर पारितोषिक मिळालं.

कायद्याचा घरावर काय परिणाम होतो हे बघायचं तर गोव्यात जा. तिथला पोर्तुगीज नागरी कायदा १८६७ चा, आणि त्यावर नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेची दाट छाप आहे. मुलगा-मुलगी समान वारस, आणि मुलं असतील तर निम्म्यापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने दुसऱ्या कुणाला देता येत नाही. न्यायाच्या दृष्टीने हे फार चांगलं आहे. माझ्या कामाच्या बाजूने सांगतो: सासष्टीतल्या एका मोठ्या घराचं छप्पर गळत होतं आणि कौलं बदलायला वारसांच्या सह्या लागणार होत्या. तीन पिढ्यांत वारस झाले होते सत्तावीस. काही मुंबईत, काही लिस्बनला, दोघं कॅनडात. सह्या गोळा होईपर्यंत दोन पावसाळे गेले आणि माळ्याची तुळई कुजली. महाराष्ट्रातल्या वाड्यांचं दुखणंही याच जातीचं आहे, फक्त कायदा वेगळा. म्हणून जतनाचं काम घेताना मी आधी घराचं छप्पर बघत नाही, घराण्याची वंशावळ मागतो. पुदुच्चेरीतही १८८१ च्या हुकमानुसार काही कुटुंबांनी आपला धार्मिक-जातीय कायदा सोडून फ्रेंच नागरी संहिता पत्करली. त्यांच्या वंशजांपैकी अनेकजण आज फ्रेंच नागरिक आहेत आणि फ्रान्सच्या निवडणुकीत मतदान करतात.

लोकधोरणात अगदी ताजं उदाहरण हवं असेल तर नागपूरचं पाणी घ्या. शहराच्या मालकीची यंत्रणा ठरावीक वर्षांसाठी कंपनीला चालवायला द्यायची ही फ्रेंच परंपरा, पाण्यासाठी १८५३ मध्ये तिथे खास कंपनी निघाली आणि तिचं पहिलं मोठं शहर ल्यों. तिच्याच वारसदार व्हिओलियाची भागीदारी असलेल्या कंपनीकडे नागपूर महापालिकेने २०१२ पासून पंचवीस वर्षांसाठी पाणीवाटप सोपवलं. आणि १ जानेवारी २०१० पासून खुद्द पॅरिसने आपलं पाणी पुन्हा नगरपालिकेच्या हातात घेतलं होतं. दोन्ही शहरांनी हे का केलं हे शेजारी शेजारी ठेवून लिहिलंत तर टिपणात जीव येईल. निकाल आधीच ठरवून लिहू नका, करार वाचा.

विचारांबद्दल शेवटी लिहितो, कारण इथे सगळ्यात जास्त घाई होते. इब्राहिमखान गारदी बुसी या फ्रेंच सेनानीच्या फौजेत तयार झाला, ही गोष्ट कवायती लष्कराच्या खात्यात टाका आणि पुढे चला. खरं महत्त्वाचं सूत्र जोतीराव फुल्यांपासून सुरू होतं. त्यांनी तरुणपणी थॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं लेखन वाचलं. पेन जन्माने इंग्रज, पण फ्रेंच क्रांतीची बाजू मांडणारा, पुढे फ्रेंच प्रतिनिधिसभेत निवडून गेलेला आणि राजाच्या देहदंडाला विरोध करून नंतर तुरुंगातही गेलेला. फ्रान्समधला विचार पुण्याच्या पेठेत असा, इंग्रजीच्या वाटेने पोहोचला.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडच्या परिषदेत अध्यक्षीय भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी समोरच्या लोकांना १७८९ च्या व्हर्सायच्या राष्ट्रसभेची आठवण करून दिली आणि आपली ही सभा त्या सभेसारखी आहे असं सांगितलं. विचार करा: पाण्याच्या हक्कासाठी कोकणातल्या गावात जमलेली माणसं, आणि त्यांना त्यांचा नेता सांगतो आहे की तुमची जागा जगाच्या इतिहासात फ्रेंच राष्ट्रसभेच्या शेजारी आहे. त्या परिषदेने माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. चवदार तळ्याच्या काठी उभं राहून हे भाषण मोठ्याने वाचा, फरक कळेल. पण याच बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवरून स्पष्ट सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती मी बुद्धाकडून घेतली. ही दोन्ही विधानं टिपणात एकमेकांशेजारी लिहा आणि दोन्हींना मान द्या. राज्यघटनेच्या उद्देशिकेत तीन शब्द दिसले की 'फ्रेंच प्रभाव' असा शिक्का मारणाऱ्या लेखांना बाबासाहेबांनी स्वतःच उत्तर देऊन ठेवलं आहे. महाडला त्यांनी फ्रान्सकडून तुलना घेतली, मूळ घेतलं नाही.

फ्रेंच शिकावं का? पुदुच्चेरीवर काम करायचं असेल तर हो. अठराव्या शतकातले नकाशे, नोटरीच्या दस्तऐवजातली घरांची वर्णनं, सगळं फ्रेंचमध्ये आहे, आणि त्यातलं पुष्कळ एक्स-आन-प्रोव्हान्सच्या वसाहतकालीन अभिलेखागारात आहे. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या ग्रंथालयात बसायला मिळालं तर आठवडाभर तरी बसा. मी तिशी उलटल्यावर पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शिकलो. बोलता अजूनही धड येत नाही, पण वर्षभरात नकाशावरची टीप वाचता येऊ लागली. 'मीर मितोयां' म्हणजे सामायिक भिंत, हा शब्द ज्या दिवशी एका जुन्या दस्तात ओळखता आला त्या दिवशी दोन घरांमधलं एक जुनं भांडण सुटलं, कारण ती भिंत कुणाची हे त्यात सरळ लिहिलेलं होतं. टिपणासाठी एवढी तयारी नको. आत्ता घरचा सातबारा, मोजपट्टी आणि महाडचं भाषण एवढं घेऊन बसा, आणि कच्चा मसुदा झाला की पाठवा, मी वाचून देईन.